रोख उचल, उधार संस्था

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४ (पाडवा)

सकाळी शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे. नोकरीत होतो तेव्हा सरकारी कामाने जायचो, आता निवृत्तीनंतर सवयीने जातो. नारळ फुटला, पहिल्या रव्याला, म्हणजे ढेपेला, हार पडला, बोली चढली, टाळ्या झाल्या. मुहूर्ताचा भाव उद्याच्या पेपरात येईल आणि परवा तो कुणी विचारणार नाही.

तीस किलोचा रवा, दहा किलोचा रवा, एक किलोचा बॉक्स. खरेदीदार आधी रंग बघतो, मग नखाने कडा उकरून कण बघतो. जिभेवर ठेवतो ते सगळ्यात शेवटी. बराचसा माल गुजरातला जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागतो. कासारीकाठच्या ज्या छोट्या संस्थेचे हिशेब मी बघून देतो, तिचा गूळ तांबूस. रंग उजळवणारी हायड्रोसची पावडर न टाकता केलेला. एका खरेदीदाराने रवा हलवून बघितला. "माल चांगला हाय, पण रंग न्हाई," म्हणाला आणि पुढे सरकला. संस्थेचे चेअरमन आण्णा तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त रवा परत सरळ केला.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती व्यापारासाठी, आणि त्या पेठेला मोठं केलं गुळाने. राधानगरीच्या धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. पुढे साखर कारखाने आले. आज जिल्ह्यात कारखान्याचा चेअरमन म्हटलं की आमदारकीची वाट दिसते. गुऱ्हाळवाल्याला तलाठीसुद्धा चहा पाजत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

संस्थेची वही काढून बसलो. पंचविसेक सभासद, बहुतेकांचा ऊस एक-दोन एकर. सामाईक गुऱ्हाळ. रसायन न घालता गूळ करायचा, किलोच्या बॉक्समध्ये भरायचा, पुण्या-मुंबईच्या दुकानांना थेट द्यायचा. कल्पना उत्तम. दरही यार्डापेक्षा चांगला मिळतो.

पण 'येणे' या रकान्यावर नजर गेली की पुढचं वाचवत नाही. दुकानदार दीड-दोन महिन्यांनी पैसे देतो, तेही दोन-तीनदा फोन केल्यावर. यार्डातला अडत्या मात्र सौदा झाला की पट्टी हातात ठेवतो. त्याहून महत्त्वाचं, तो हंगामाआधीच उचल देतो. गणपतीत पोराची फी, दसऱ्याला घाण्याची दुरुस्ती, दिवाळीला कपडे: सगळीकडे अडत्याची उचल. तिची फेड म्हणून माल त्याच्याच दुकानी उतरतो आणि मग दर काय लागला, अडत-हमाली-तोलाई किती कापली, हे विचारायला तोंड राहत नाही.

अडत्याला शिव्या घालणं सोपं आहे. सहकाराच्या प्रत्येक भाषणात त्या असतातच. पण सप्टेंबरमध्ये बिनकागदाचे, बिनजामिनाचे पन्नास हजार देणारा दुसरा कोण आहे, ते भाषण करणारा सांगत नाही. संस्था तरी कुठून देणार? तिची सगळी शिल्लक पुण्यातल्या फळ्यांवर मांडलेली आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

रात्री गुऱ्हाळावर. थंडी पडायला लागली आहे. घाण्यापाशी आणि चुलवाणापाशी मात्र घाम.

गुळवे मामा सत्तरीचे. रस काहिलीत पडला की आधी मळी वर येते. ती काढायला भेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी सोडतात, रसाची आंबटाई मारायला चिमूटभर चुना. जाळव्या वाळलेलं चिपाड भट्टीत ढकलत असतो आणि मामा त्याला फक्त हातानेच खुणावतात: वाढव, थांब, ओढ. एकशे पाच-सहा अंशांना काकवी होते, एकशे अठराच्या आसपास गूळ. संस्थेने एक थर्मामीटर आणून दिला आहे, तो भिंतीला अडकवलेला आहे. मामा पाण्याच्या भांड्यात पाकाचे चार थेंब टाकतात, बोटांनी गोळी वळतात, ती भांड्यावर आपटून आवाज ऐकतात. "आलं!" म्हटलं की चार गडी काहील ओढून वाफ्यात ओततात. पंधरा सेकंद उशीर झाला तर करपट, लवकर झाला तर रवा बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. एका आदणात हजारभर लिटर रस. म्हणजे चुकलं तर दिवसाची मजुरी गेली.

एक टन उसाला शंभर ते एकशे वीस किलो गूळ. आण्णांना भट्टीच्या उजेडात आकडेमोड करून दाखवली. कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे यंदाची एफआरपी, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये, पुढे दर ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये वीस पैसे जादा. आपल्याकडचा उतारा सव्वाबारा धरला तर चार हजारांच्या वर जाते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा केली की सभासदाच्या हातात टनाला तीन हजारांच्या पुढेमागे पडतात. ३,२०० धरू. मग एकशे दहा किलो गुळात नुसत्या उसाचेच किलोमागे २९ रुपये झाले. त्यावर गुळव्या, जाळव्या, घाणेकरी, वीज, बॉक्स, गाडीभाडं. आण्णा म्हणाले, "म्हंजे कारखान्यानं दर वाढवला की आमचं दिवाळं." हो, तसंच. स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद जयसिंगपुरात दोनशे रुपये वाढवून घेते तेव्हा हेच सभासद तिथे घोषणा देऊन येतात, आणि त्या दोनशेंनी त्यांचंच गुऱ्हाळ थोडं आणखी आत रुततं. शेतकरी म्हणून त्यांचं बरोबरच आहे.

मामांचा मुलगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्याला पाकाची गोळी वळता येत नाही. मामांना त्याचं वाईट वाटत नाही, मला वाटलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान. पंधरा तारखेपासून कारखान्यांना परवानगी मिळालीच होती. आता धुराडी जोरात पेटतील. आज सचिव आबांचा फोन: तिघा सभासदांनी संस्थेला सांगितलेला ऊस कारखान्याला तोडून दिला. कारण विचारलं तर एकच. पीककर्ज गावातल्या विकास सोसायटीचं आहे, त्याची वसुली कारखान्याच्या उसाच्या बिलातून परस्पर होते. ऊस गुऱ्हाळाला गेला की वसुलीची साखळी तुटते आणि सोसायटीचा सचिव पुढच्या वर्षी कर्ज मंजूर करताना खाकरतो. तिघांवर रागवायचं कसं?

रविवार, ८ डिसेंबर

शेजारच्या गावात गेलो होतो. तिथल्या गुऱ्हाळावर साखरेची पोती. लपवलेलीही नव्हती.

साखर रसात टाकली की गूळ घट्ट बसतो, कण सुटतो, रंग उजळतो आणि वजन वाढतं. ऊस गाळावा लागत नाही, चिपाड जाळावं लागत नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर आहे, बाजारात ती थोडी वर असते. उसापासून प्रामाणिकपणे काढलेल्या गुळाचा किलो त्याहून महाग पडतो. म्हणजे साखर घालणारा नफ्यात आणि न घालणारा तोट्यात.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षेच्या मानकात गुळातली एकूण शर्करा ९० टक्क्यांहून कमी नको, सुक्रोज ६० टक्क्यांहून कमी नको, सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ७० पीपीएमच्या वर नको. साखर घातलेला गूळ पहिल्या दोन अटींत पहिल्या नंबराने पास होतो! माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. ज्या तपासणीत लबाडाला जास्त मार्क पडतात अशा तपासण्या मी पाहिल्या आहेत, पण इतकी गोड नव्हती पाहिली.

परतताना आबा म्हणाले, "साहेब, आपुन बी अर्धं पोतं टाकलं तर कुणाला कळणार?" थट्टेत म्हणाले. तरी गाडीत पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

पुण्याच्या एका दुकानदारबाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे परदेशी चॉकलेट आणि कॉफीवर 'फेअर ट्रेड'चं चिन्ह असतं. तसं तुमच्या गुळावर असलं तर मी दर वाढवून देईन, असं म्हणतात. आण्णांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं: हे काय असतं?

त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. १८६० मध्ये मुल्तातुली या टोपणनावाने एका डच अधिकाऱ्याने जावातल्या कॉफीच्या सक्तीवर कादंबरी लिहिली. तिच्या नायकाचं नाव माक्स हाफेलार. बरोबर त्याच नावाने १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिलं चिन्ह निघालं. मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या संस्थेची कॉफी, तिथे राहणारा एक डच पाद्री आणि हॉलंडमधली एक संस्था, अशी ती जुळणी. दुसऱ्याच वर्षी कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. त्या काळात किमान दराची हमी म्हणजे बुडत्याला दोर होता. आज अरेबिका कॉफीचा किमान दर पौंडाला १ डॉलर ८० सेंट आहे, बाजार वर गेला तर बाजाराचा दर, आणि संस्थेच्या सामाईक कामासाठी वर २० सेंट.

"मग गुळाला किती?" आण्णांचा रास्त प्रश्न. उसाच्या साखरेला तिथे किमान दरच नाही. टनामागे ६० डॉलर जादा, एवढंच. आण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. किलोला पाच रुपये. त्यातून तपासणीची फी, वह्या इंग्रजीत, वर्षातून एकदा येणारा ऑडिटर. पंचवीस जणांच्या संस्थेला हे परवडत नाही. हजार जणांची असेल तर परवडतं, आणि हजार जणांची झाली की तिथे निवडणूक लागते, पॅनेल पडतात. कोल्हापूरला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मानांकनाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले. पण ते नाव वापरायला उत्पादकाने स्वतः नोंदणी करावी लागते, आणि सीमेपलीकडच्या गुळावर कोल्हापुरीचं लेबल लागलं तर मुंबईतल्या दुकानात जाऊन भांडायला कुणाला वेळ आहे? वर २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद गुळावर पाच टक्के जीएसटी. तीस किलोचा बिननावाचा रवा करमुक्त, नाव छापलेला किलोचा बॉक्स करपात्र. जो आपलं नाव सांगायला धजतो त्याच्याकडूनच वसुली.

बाईंना उत्तर लिहायचं आहे. चिन्ह नाही, पण पंधरा दिवसांत पैसे देणार असाल तर दर कमी करतो, असं लिहावं म्हणतो.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५ (संक्रांत)

सगळे बॉक्स संपले, काकवीसुद्धा. आबा खूश. पैसे मार्चमध्ये.

बुधवार, १२ फेब्रुवारी

न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली आहे. ब्राझीलमध्ये दुष्काळ, साठे कमी. मला वाटलं, चला, गरिबाला एकदाचा दर मिळाला. मग वाचत गेलो.

छोट्या सहकारी संस्थांची याच काळात सगळ्यात जास्त दमछाक होते. संस्थेने परदेशी खरेदीदाराशी करार केलेला असतो आधी, माल द्यायचा असतो नंतर. मधल्या काळात बाजार चढतो आणि वाडीवरचा दलाल ट्रक घेऊन दारात येतो. लॅटिन अमेरिकेत त्याला कोयोटे म्हणतात. तो प्रत बघत नाही, चिन्ह विचारत नाही, रोख मोजतो. सभासद त्याला माल देतो. संस्थेकडे करार आहे, कॉफी नाही. करार पाळायला तिने चढ्या भावाने बाहेरून माल घ्यायचा तर भांडवल दुप्पट लागतं, कारण तेवढीच पोती आता दुप्पट पैशांची झालेली असतात. बँक म्हणते, गेल्या वर्षीच्या उलाढालीवर कर्ज देतो.

एकशे ऐंशी सेंटचा किमान दर आणि चारशे सेंटचा बाजार! हमी अशा वेळी भिंतीवरच्या तसबिरीसारखी राहते. त्यातला उपयोगाचा भाग वेगळाच आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही: संस्थेने मागितली तर कराराच्या रकमेच्या साठ टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम खरेदीदाराने द्यायची, असं त्यांच्या नियमात कलम आहे. उचलच ती. फक्त अडत्याऐवजी दुकानदाराने द्यायची.

आपल्या शेजारी कोडगू-चिकमगळूरनेही हे पाहिलं आहे. १९४२ च्या कायद्याने सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जायची, बोर्ड विकायचं आणि बागायतदाराला हप्त्याहप्त्याने पैसे यायचे. दर पडला तेव्हा बागायतदार बोर्डाच्या पदराखाली होता. दर चढला तेव्हा त्याला तो पदर गळ्याला लागायला लागला. १९९६ पर्यंत सगळी विक्री खुली झाली. त्यानंतरच्या मंदीत छोटे बागायतदार काय भावाने विकत होते ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

माझं मत हळूहळू असं होत चाललं आहे की संस्था मोडते ती वाईट वर्षात नव्हे. वाईट वर्षात सभासदाला दुसरं दारच नसतं, तो निमूट येतो. चांगल्या वर्षात दारात ट्रक उभा राहतो तेव्हा कळतं की संस्था कितीजणांची होती. नोव्हेंबरमधले ते तिघे आणि लॅटिन अमेरिकेतला तो कॉफीवाला सभासद यांची गाठ पडली तर त्यांना दुभाषा लागणार नाही.

रविवार, २ मार्च

सभासदांची बैठक, मारुतीच्या देवळात. अजेंड्यावर एकच विषय: पुढच्या हंगामात ऊस बाहेर देणाऱ्यावर दंड ठेवायचा का?

तासभर नुसता आरडाओरडा. आण्णा दंडाच्या बाजूचे. त्यांची जमीन जास्त, बागायती सगळी. आबा म्हणाले, दंड लावला तर पाचजण राजीनामा देतील आणि गणपूर्ती राहणार नाही. मग मागे बसलेल्या एक वैनी उठल्या. नवरा वारल्यापासून एक एकर त्याच बघतात. "दंड कशाचा लावताय? मी दिवाळीला गूळ दिला, माझं पैसं अजून न्हाईत. भावजी, तुमी मला चाळीसाचा दर देताय मार्चमदी. अडत्या छत्तीस देतोय पर तवाच. चार रुपयं जास्त घेऊन मी तवर खाऊ काय?" कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तिथे सल्लागार म्हणून बसलो होतो.

मग निघालेला मार्ग असा: माल संस्थेच्या वजनकाट्यावर आला की त्याच दिवशी यार्डाच्या दराच्या साठ टक्के रोख. उरलेलं, दुकानाचे पैसे आल्यावर, वरच्या दराने. साठाचा आकडा मी सुचवला. तो कुठून आला ते सांगत बसलो नाही. दंडाचा ठराव बारगळला.

आता प्रश्न त्या साठ टक्क्यांचा. हंगामाला निदान आठ-दहा लाख फिरते लागतील.

मंगळवार, १८ मार्च

काल उच्च न्यायालयाने एफआरपी तुकड्यातुकड्यांनी द्यायचा सरकारचा २०२२ चा निर्णय रद्द केला. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत, एकरकमी. गावात फटाके. मलाही बरं वाटलं. बिलं अडकवून ठेवलेले कितीतरी ताळेबंद मी तपासले आहेत. आता आमच्या संस्थेची स्पर्धा अशा कारखान्याशी आहे ज्याला चौदा दिवसांत पैसे देणं कायद्याने भाग आहे. आम्हाला पैसे द्यायला दुकानदाराला मात्र कुठला कायदा चौदा दिवस सांगत नाही.

दुपारी आण्णा आणि मी एका बँकेत गेलो. गूळ तारण ठेवून फिरतं कर्ज. शाखाधिकारी तरुण, विदर्भातला, बोलायला नीट. ताळेबंद वाचला, 'येणे'च्या रकान्यावर पेन टेकवलं, मग विचारलं, "पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं तर माझं तारण कुठे गेलं?"

प्रश्न बरोबर आहे. सोयाबीन, हळद गोदामात पडून राहते. गूळ दमट हवेत पाझरतो, आणि रसायन न घातलेल्या गुळाचा रंग महिन्यागणिक काळवंडतो. शीतगृहात ठेवला तर टिकतो. आण्णांनी लगेच शीतगृहाचा पर्याय सांगितला. शाखाधिकारी म्हणाला, मग शीतगृहाची पावती आणा, पावतीवर कर्ज देतो. म्हणजे व्याज अधिक भाडं.

बसमध्ये आण्णांनी पाठीमागच्या सीटवरून विचारलं, किलोला किती पडेल. तिकिटाच्या मागे मांडून बघितलं: सहा महिन्यांचं व्याज आणि भाडं मिळून वैनींच्या चार रुपयांतले अडीच जातात. दीड उरतो. आण्णा म्हणाले, दीड रुपयावर लोक थांबतील का? मी म्हटलं, पैसे त्याच दिवशी मिळाले तर बहुतेक थांबतील, पण पावतीचं भाडं आधी कोण भरणार ते ठरवा. त्यावर रंकाळ्यापर्यंत त्यांची आणि माझी वादावादी. परवा शीतगृहाच्या मालकाला फोन करायचा आहे, तो हंगाम संपल्यावर भाडं घ्यायला तयार होतो का बघायला.